वनाबाहेरील वन्यजीव आणि गावाचे शिक्षण



नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे घरांना दारे नसलेले गाव म्हणून देशभर ओळखले जाते. उघड्या आकाशाखाली चौथऱ्यावर उभी असलेली श्रीशनैश्चराची शिळा आणि कवाडाविना उभ्या असलेल्या घरांच्या चौकटी पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येथे येतात. घराला कडीकुलूप नको, राखणारा समर्थ आहे, ही येथील परंपरागत श्रद्धा होय. परंतु येणाऱ्या पाहुण्यांच्या सहसा ध्यानात न येणारी आणखी एक रीत या गावात आहे. काही घरांत रात्री चौकटीला एक सुटी फळी टेकवून ठेवतात. ती फळी चोरासाठी नसते. भटकी कुत्री घरात शिरू नयेत एवढ्यासाठी असते. आजच्या व्याख्यानाचा विषय वन्यजीवांच्या अधिवासाचे व्यवस्थापन, त्यातील संशोधन आणि त्यातून घडणारे लोकशिक्षण हा आहे, आणि त्याची सुरुवात या फळीपासून केली तर ते विषयांतर ठरणार नाही. कारण गावची कुत्री आणि गावाभोवतीचा ऊस या दोन गोष्टींचा एका रानटी जनावराशी किती निकटचा संबंध आहे, हे याच जिल्ह्यात, प्रवरेच्या वरच्या खोऱ्यात, एका संशोधिकेने कित्येक वर्षे खपून दाखवून दिले आहे.

अधिवास म्हणजे प्राण्याचे केवळ राहण्याचे ठिकाण नव्हे. अन्न, पाणी, आडोसा आणि पिले वाढविण्यास लागणारी निर्धास्त जागा, या चारही गरजा जेथे भागतात तो त्या प्राण्याचा अधिवास. या गरजा कशा भागतात याचा अभ्यास करणे आणि त्यानुसार जमिनीची देखभाल करणे यास अधिवास व्यवस्थापन म्हणतात. आपल्या देशात या शास्त्राचे रीतसर शिक्षण फार जुने नाही. डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्था १९८२ मध्ये स्थापन झाली आणि तेथे वनाधिकाऱ्यांना व विद्यार्थ्यांना हा विषय पद्धतशीरपणे शिकविला जाऊ लागला. पाणवठे राखणे, गवताळ कुरणे सांभाळणे, वणवा रोखण्यासाठी जाळरेषा काढणे आणि प्राण्यांची मोजदाद करणे हा त्या शिक्षणाचा गाभा. या सर्वांमागे एक गृहीत होते : वन्यप्राणी वनात राहतो, आणि त्या वनाला हद्द असते.

हद्द आखण्याचा अनुभव

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याला या गृहीताचा दुहेरी अनुभव आहे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. एखाद्या मध्यम गावाच्या शिवाराएवढेही नाही. तरीही तेथे काळवीट टिकले आणि वाढलेही. मात्र ते अभयारण्याची हद्द पाळतात असे नव्हे. आसपासच्या शेतकऱ्यांना ज्वारीच्या कोवळ्या पिकात त्यांचे कळप नेहमीच भेटतात.

दुसरा अनुभव याहून कडू आहे. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि अहमदनगर या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्राचे अभयारण्य घोषित करण्यात आले. कर्जत व श्रीगोंदे यांच्याबरोबर नेवासे तालुक्याचा भागही त्यात होता. या प्रचंड क्षेत्रात गावे होती, बाजार होते, रस्ते होते, खाजगी मालकीची शेते होती. जमिनीचे व्यवहार आणि विकासाची कामे यांवर बंधने आली, आणि ज्या पक्ष्याला बहुतेकांनी कधी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते त्याच्याविषयी लोकांच्या मनात अढी बसली. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने ऐंशीच्या दशकात माळढोकाचा शास्त्रीय अभ्यास केला. त्यात अग्रभागी असलेले डॉ. असद रहमानी पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वन्यजीवशास्त्राचे अध्यापक झाले व त्यानंतर या सोसायटीचे संचालक झाले. उघडा गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, तो एका पक्ष्याचा संसार आहे, ही गोष्ट या अभ्यासकांनी शासनापुढे वारंवार मांडली. पुढे अभयारण्याचे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. तोवर माळ नांगरले गेले होते, विहिरी आणि कालवे आले होते, आणि आज नान्नजच्या माळावरही माळढोकाचे दर्शन अगदी क्वचित घडते. अधिसूचना वेळेवर निघाली होती. गावोगावी जाऊन तिचा अर्थ सांगणारी माणसे मात्र पुरेशी नव्हती. या अनुभवातील ही उणीव विसरता येण्यासारखी नाही.

उसाने घडविलेला अधिवास

माळ गेला आणि त्याच्या जागी ऊस आला. प्रवरेवर भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले. १९५० मध्ये लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सत्तरच्या दशकात मुळा धरणाचे पाणी राहुरी आणि नेवासे तालुक्यांत फिरले. या पाण्याने जिल्ह्याचे दैन्य फिटले, याबद्दल दुमत नाही. पण जमिनीचा पोत बदलला की तिच्यावर राहणारे जीवही बदलतात. कुसळी गवताच्या माळावर माळढोक, काळवीट आणि लांडगा यांचे राज्य होते. पुरुषभर उंचीच्या, बारा ते अठरा महिने उभ्या राहणाऱ्या आणि पाटाच्या पाण्याने सदा गार असलेल्या उसात या तिघांनाही स्थान नाही. ज्याला आहे, तो प्राणी म्हणजे बिबट्या. दिवसा त्याला आडोसा हवा असतो, तो फडात मिळतो. पाणी पाटात मिळते. मादीला पिले घालण्यास निवांत जागा हवी, तीही सरीमध्ये, पाचटाच्या मऊ थरावर मिळते. राहता राहिला प्रश्न अन्नाचा. उसात हरीण नाही, चितळ नाही. मग हा प्राणी खातो काय?

पुष्कळ काळ या प्रश्नाचे ठरीव उत्तर होते : जंगल तुटल्यामुळे बिबट्या वाट चुकून गावात येतो, शेळ्यामेंढ्या खातो, आणि त्याला पकडून जंगलात नेऊन सोडले की प्रश्न मिटतो. हे उत्तर वर्तमानपत्रांत होते, सभांत होते, शासकीय टिपणांतही होते. ते तपासून पाहण्याचे काम डॉ. विद्या अत्रेय यांनी केले.

जुन्नरची आकडेवारी

विद्या अत्रेय यांचे पर्यावरणशास्त्रातील उच्च शिक्षण भारतात आणि अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात झाले. या शतकाच्या आरंभी त्या जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या परिसरात राहत होत्या. त्याच काळात जुन्नर वनविभागात बिबट्याच्या हल्ल्यांनी कहर केला होता. माणसे मरत होती आणि पिंजरे लागत होते. लोक वनरक्षकांना ऐकवीत, ‘तुमचा बिबट्या आहे, तुम्ही घेऊन जा.’ वनविभाग तेच करीत होता. शेतातून पकडलेली जनावरे सरासरी चाळीसएक किलोमीटर दूरच्या जंगलात नेऊन सोडली जात होती.

विद्याताईंनी या मोहिमेपूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी एकत्र केल्या. कोणताही कारकून करू शकला असता असे हे काम होते, पण ते तोवर कोणी केले नव्हते. त्यातून जे दिसले ते अनपेक्षित होते. १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला सुमारे ४ होती. २००१ मध्ये स्थलांतराची मोठी मोहीम सुरू झाल्यावर ती सुमारे १७ वर गेली, आणि त्यांपैकी प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण दुप्पट झाले. हल्ले वाढले ते प्रामुख्याने जेथे बिबटे सोडले गेले त्या जंगलांच्या आसपास.

कारणमीमांसा अवघड नाही. बिबट्या हा आपल्या मुलखाला घट्ट धरून राहणारा प्राणी आहे. ओढा कोठे आहे, कोणत्या वस्तीत कुत्री आहेत, माणसे कोणत्या वेळी कोणत्या वाटेने जातात, हे त्याला पाठ असते आणि त्या माहितीच्या आधारेच तो माणसाला चुकवून जगतो. त्याला पिंजऱ्यात धरले, गर्दीत कोंडले, गाडीत घातले आणि अनोळखी मुलखात सोडले, तर तो बावरतो, भुकेला राहतो आणि घराकडे परतू पाहतो. या वाटेवर त्याला अनोळखी माणसे भेटतात. इकडे त्याने सोडलेला मुलूख मोकळा राहत नाही. उसातील आडोसा आणि वस्तीवरील कुत्री होती तेथेच असल्यामुळे दुसरा बिबट्या, बहुधा तरुण आणि अननुभवी, त्या जागी येतो. २०११ मध्ये केंद्र शासनाच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने माणूस आणि बिबट्या यांच्या संघर्षाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, त्यांत अशा स्थलांतराविरुद्ध स्पष्ट इशारा आहे.

अकोल्याचे खोरे

यानंतर त्यांनी अभ्यासासाठी अकोले तालुक्यातील प्रवरेचे खोरे निवडले. ज्या प्रवरेचा उगम अकोल्याच्या डोंगरात होतो तीच नदी नेवाशावरून जाऊन प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते. तेव्हा अकोल्याची हकीगत नेवाशाला परकी नाही. या खोऱ्यात वन नाही. ऊस, भाजीपाला आणि वस्त्या आहेत. लोकसंख्या दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक. अशा ठिकाणी वन्यजीवांचा अभ्यास करावयाचा म्हणजे शास्त्राच्या रूढ समजुतीप्रमाणे वाळवंटात मासे शोधण्यासारखे होते.

बांधांवर, पायवाटांवर आणि ओढ्यांच्या काठी स्वयंचलित कॅमेरे लावण्यात आले. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची ठेवण माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखी असते. दोन जनावरांची सारखी नसते. त्यामुळे छायाचित्रांवरून एकेक जनावर ओळखता येते आणि गणिताने संख्येचा अंदाज करता येतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तितकीच तरसे या शेतजमिनीत राहत होती. शिवाय कोल्हा, खोकड आणि रानमांजर यांचीही नोंद झाली. ही जनावरे वाट चुकून आलेली नव्हती. त्यांचे घरच तेथे होते आणि पिलांसह माद्या त्या उसात नांदत होत्या.

अन्नाचे कोडे विष्ठेच्या अभ्यासाने सुटले. बिबट्याची विष्ठा गोळा करून तिच्यातील केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले की भक्ष्य ओळखता येते. या कामात चमकदार असे काहीच नाही. ते वेळखाऊ आहे आणि त्याला वासही येतो. परंतु त्यातून निघालेली माहिती गावाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ठरली. बिबट्याच्या एकूण आहाराचा, वजनाने पाहता, बहुतांश भाग पाळीव व गावाश्रयी प्राण्यांचा होता आणि त्यांत पहिला क्रमांक शेळीचा नव्हे, तर कुत्र्याचा होता. कुत्र्याचा वाटा ३९ टक्के भरला. शेळ्या त्या भागात कुत्र्यांपेक्षा कितीतरी अधिक असूनही त्यांचा वाटा पुष्कळच कमी होता, कारण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रे उकिरड्यावर.

नॉर्वेतील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने काही बिबट्यांच्या गळ्यांत उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळविणारे पट्टे बांधण्यात आले. दिवसा फडात निपचित पडून राहणारे हे जनावर रात्री माणसे निजली की घरांच्या अगदी जवळून, भिंतीलगत म्हणावे इतक्या अंतरावरून, फिरून जाते असे त्यांतून दिसले. घरातील माणसांना सकाळी त्याचा पत्ताही नसे. या अभ्यासाच्या काळात त्या खोऱ्यात बिबट्याने माणूस मारल्याची नोंद नाही. २०१२ मध्ये विद्या अत्रेय यांना मणिपाल विद्यापीठाची विद्यावाचस्पती पदवी मिळाली ती याच विषयावरील प्रबंधासाठी.

आजोबा

या जिल्ह्यातील एका बिबट्याची हकीगत येथे सांगितली पाहिजे. २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक प्रौढ नर विहिरीत पडला. त्याला वर काढण्यात आले, गळ्यात पट्टा बांधण्यात आला आणि कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी ओळखचकती बसविण्यात आली. त्याच्या शांत, वयस्क रूपामुळे अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ म्हटले. माळशेज घाटात सोडल्यावर हा आजोबा तेथे थांबला नाही. तो पश्चिमेकडे चालू लागला. कसाऱ्याजवळ त्याने लोहमार्ग ओलांडला, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, वसईची खाडी पोहून पार केली आणि सुमारे १२० किलोमीटरची वाट चालून महिन्याच्या आत मुंबईच्या वेशीवर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. या वाटेत असंख्य वस्त्या लागल्या. त्याने कोणाही माणसाला इजा केली नाही. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला, आणि कातडीखालील चकतीवरून त्याची ओळख पटली. २०१४ मध्ये या प्रवासावर ‘आजोबा’ याच नावाचा मराठी चित्रपट निघाला. सुजय डहाके यांनी तो दिग्दर्शित केला आणि संशोधिकेवर बेतलेली भूमिका ऊर्मिला मातोंडकर यांनी केली. प्रबंधाची पाने जेथे कधीच पोहोचली नसती अशा घरांत आजोबाची गोष्ट पोहोचली. काही विद्वानांना अशा गोष्टी उथळ वाटतात. त्यांनी एकदा गावच्या सभेत शतमानाची कोष्टके वाचून पाहावीत.

विद्यार्थी कोण?

येथे या संशोधनाचे वेगळेपण स्पष्ट होते. राखीव वनात अधिवासाचे व्यवस्थापन वनखाते करते, कारण जमीन खात्याची असते. उसाच्या फडाचा मालक शेतकरी आहे. गावच्या उकिरड्याचा कारभार ग्रामपंचायतीकडे आहे, रात्रीच्या विजेचा वीज कंपनीकडे, आणि बघ्यांची गर्दी आवरण्याचे काम पोलिसांकडे. बिबट्याच्या अधिवासाचे खरे व्यवस्थापक हे सर्वजण आहेत. त्यांना तसे कोणी सांगितलेले नसते इतकेच. म्हणून विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी यांना विद्यार्थी निवडावे लागले ते महाविद्यालयाबाहेरचे. २०११ नंतर मुंबईत राष्ट्रीय उद्यानाचे तत्कालीन संचालक सुनील लिमये यांच्या पुढाकाराने वनविभाग, संशोधक आणि नागरिक यांचा जो उपक्रम झाला, त्यात त्यांनी पत्रकारांच्या कार्यशाळांवर विशेष भर दिला. ‘नरभक्षक’ हा शब्द केवळ दिसलेल्या बिबट्याला लावला, की दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याची मागणी होते, आणि पिंजऱ्यातून पुढचे सारे दुष्टचक्र सुरू होते; म्हणून बातमीदार हाही या शास्त्राचा विद्यार्थी ठरला. त्याचप्रमाणे वनरक्षक, पोलीस शिपाई आणि शाळकरी मुलेही. यात शिकविणाऱ्यांनी शिकण्याचेही काम केले. ठाणे, पालघर आणि मुंबईच्या परिसरातील वारली पाड्यांवर वाघोबाची शेकडो वर्षांची पूजा आहे, त्या देवस्थानांचा त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. बिबट्याशेजारी राहण्याची रीत तेथे कोणत्याही मार्गदर्शक तत्त्वांच्या आधीपासून आहे.

भीती खरी आहे

या सर्व विवेचनावरून बिबट्या निरुपद्रवी आहे असे कोणी समजू नये. २०२५ मध्ये पुणे आणि अहिल्यानगर या दोन्ही जिल्ह्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, त्यांत लहान मुले होती. ज्या घरातील मूल गेले त्या घराला सरासरी सांगणे हे क्रौर्य होय. माणूस मारणारे विशिष्ट जनावर हुडकून जेरबंद करण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तरतूद आहे, आणि अशा प्रसंगी दिरंगाई झाली तर लोकांचा विश्वास उडतो व पुढील शिकवण ऐकून घेण्यास कोणी उरत नाही. अकोल्यातील निष्कर्ष त्या काळापुरते, त्या खोऱ्यापुरते आहेत. ते जसेच्या तसे प्रत्येक तालुक्याला लागू पडतील असा दावा कोणीही शास्त्रज्ञ करणार नाही. मात्र एक प्रश्न शास्त्रज्ञांनी समोर ठेवला आहे, तो टाळता येत नाही. शंभर बिबटे पकडून नेले आणि ऊस, पाणी व कुत्री तशीच राहिली, तर रिकाम्या जागी कोण येईल?

शनिशिंगणापूर आणि भोवतालची गावे यांना हा प्रश्न अधिक लागू आहे. येथे नित्य हजारो भाविक येतात, शनी अमावास्येला तर त्यांची गणतीच नसते. जेथे यात्रा तेथे उपाहारगृहे, जेथे उपाहारगृहे तेथे खरकटे, आणि जेथे खरकटे तेथे कुत्री. कचऱ्याचे ढीग गावाबाहेर उसाच्या बांधाला टाकले जात असतील, तर ग्रामपंचायत आपल्या खर्चाने बिबट्याचे जेवण वाढीत आहे असेच म्हणावे लागेल. कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि कचऱ्याची विल्हेवाट हे विषय ग्रामसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर स्वच्छता या सदरात येतात. ते वन्यजीव संरक्षणाचेही विषय आहेत हे सदस्यांनी जाणून घ्यावे. जैवविविधता कायदा २००२ नुसार गावोगावी समित्या स्थापन झाल्या आहेत आणि लोक जैवविविधता नोंदवह्याही तयार झाल्या आहेत. त्या नोंदवहीत वडापिंपळाबरोबर गावातील कुत्र्यांची संख्या आणि बिबट्या दिसल्याच्या तारखा लिहिण्यास कोणाची हरकत नसावी. शाळेची सातवीची मुले हे काम उत्साहाने करतील.

गोठ्याचे तसेच. तारेच्या जाळीचा, वरून झाकलेला, कडी असलेला गोठा हा शेळ्यांचा खरा विमा आहे. माणसांच्या घरांना दार न लावण्याची परंपरा ज्या गावी आहे, तेथेही शेळ्यांच्या गोठ्याला दार लावण्याने ती मोडेल असे वाटत नाही. बिबट्या उभ्या माणसापेक्षा वाकलेल्या किंवा बसलेल्या आकृतीवर, आणि मोठ्यापेक्षा लहानावर, अधिक धजावतो. म्हणून अंधारात उसाच्या कडेला शौचास बसणे, वाकून काम करणे आणि मुलांना एकटे सोडणे धोक्याचे. रात्री पाण्याचे बारे द्यावयास जाणाऱ्याने जोडीने जावे, हाती विजेरी असावी, मोठ्याने बोलत किंवा भ्रमणध्वनीवर गाणी लावून चालावे. खरे तर शेतीपंपांना दिवसा वीज मिळाली तर रात्री फडात जाण्याचे कारणच उरणार नाही. २०१७ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू दिवसा वीज देण्याचाच आहे. या योजनेच्या बैठकीत बिबट्याचा उल्लेख सहसा होत नाही, तो व्हावयास हवा.

गळीत हंगामातील एका प्रसंगाविषयी स्वतंत्रपणे सांगणे जरूर आहे. ऊस तोडताना फडात डोळेही न उघडलेली पिले सापडतात. मजूर ती उचलून आणतात, लोक जमतात, छायाचित्रे काढली जातात, आणि संध्याकाळी पिलांची आई त्याच फडाभोवती सैरभैर फिरत राहते. अशी मादी खरोखरच धोकादायक असते. पिले जेथे सापडली तेथेच, दिवस मावळताना, उघड्या खोक्यात ठेवून माणसांनी दूर व्हावे. मादी येऊन एकेक पिलू तोंडात धरून नेते. जुन्नरजवळील माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रातील पशुवैद्य आणि वनकर्मचारी यांनी हे काम अनेक वेळा यशस्वी केले आहे. पण त्यासाठी पहिल्या तासात गर्दी हटली पाहिजे, आणि ते सरपंच व पोलीस पाटील यांच्या शब्दावाचून होत नाही.

आता या शिक्षणातून नेमके कोण वगळले जाते ते पाहावे. पाथर्डी, बीड, आष्टी या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. पाचटाच्या कोप्या घालून ते फडांच्या कडेलाच राहतात. कोपीला भिंत नसते, दार तर नसतेच. बाहेर चूल असते, शेजारी बैल बांधलेले असतात, आणि आईबाप पहाटे अंधारात कोयता घेऊन फडात गेले की मुले मागे राहतात. बिबट्याच्या सर्वांत निकट राहणारी माणसे हीच. तरीही गावच्या ग्रामसभेत त्यांना स्थान नाही, शाळेच्या पटावर त्यांची मुले क्वचितच असतात, आणि वनविभागाचे माहितीपत्रक त्यांच्या हाती पडत नाही. साखर कारखान्यांचे शेतकी अधिकारी आणि टोळ्यांचे मुकादम यांच्यामार्फत हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्यापर्यंत पोहोचणे शक्य आहे : कोप्या उसापासून थोड्या दूर, मोकळ्या जागी घालाव्यात, तळावर रात्रभर एक तरी दिवा असावा, मुलांना सांभाळण्यास प्रत्येक तळावर एक मोठे माणूस मागे राहावे व त्याचा रोज बुडू नये. साखरशाळा जेथे चालू असेल तेथे ती सकाळी लवकर उघडावी. आणि जे शिक्षक अथवा वनरक्षक त्यांना समजावून देण्यास जातील त्यांनी दिवसा जाऊ नये, कारण तेव्हा तळावर कोणी नसते; दिवेलागणीला, चुली पेटल्यावर जावे.